कॉननचं गाव

तलवारी, चेटूक, भुतं, रक्तपात... असल्या 'टाइमपास' गोष्टींसाठी कुणी तीन तास गाडी हाकत टेक्सासच्या माळावर जातं का? जातं! आणि परत येताना भलतंच काहीतरी सोबत घेऊन येतं.

खरं सांगा. सोमवारी सकाळी अकराच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये तुमच्या मनात कधीच आलं नाही, की आत्ता हातात लॅपटॉपऐवजी एक भलीथोरली तलवार असती तर काय बहार आली असती? ना एक्सेल शीट, ना एस्केलेशनचा मेल. समोरच्या चेटक्याने मंत्र पुटपुटायच्या आत एक घाव, दोन तुकडे. मग घोड्यावर टांग टाकायची आणि सूर्यास्ताच्या दिशेने चालू पडायचं. अप्रेझल गेलं खड्ड्यात!

आलं असेल, तर तुम्ही आमच्या कंपूतले. हा कंपू जगभर पसरलाय आणि त्याचं एक तीर्थक्षेत्रही आहे. क्रॉस प्लेन्स, टेक्सास. लोकवस्ती हजाराच्या आत. जून 2019मध्ये मी तिथे जाऊन आलो. त्याची ही गोष्ट.

ब्राऊन पेपरमधला रानटी

सुरुवात मात्र मिरजेची. 1996 साली माझा दादा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत ट्रेनिंगला मुंबईला गेला आणि येताना फाउंटनच्या फुटपाथवरून पंधरा रुपयांत एक जाडसर इंग्रजी पेपरबॅक घेऊन आला. कव्हरवर उघडाबंब, काळ्या केसांचा धिप्पाड माणूस तलवार टेकवून उभा. पायाशी कवट्यांचा ढीग. आणि त्याच्या पायाला बिलगलेली एक बाई, जिच्या अंगावर कपडे म्हणावेत असं फारसं काही नव्हतं. ते चित्र फ्रँक फ्रझेटा नावाच्या थोर चित्रकाराचं आहे वगैरे आम्हाला खूप नंतर कळलं. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की आईने बघितलं तर काय?

दादाने त्याच संध्याकाळी पुस्तकाला शाळेच्या वहीसारखं ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं. लेबल लावलं आणि त्यावर झोकात लिहिलं, 'कॉनन'. आईने विचारलं, "हे काय रे?" दादा म्हणाला, "शेरलॉक होम्स गं. कॉनन डॉयल!" आई खूश. पोरगं इंग्रजी सुधारतंय!

मी सहावीत होतो. रात्री अंथरुणात दादा मला एकेक पान मराठीत करून सांगायचा. पुस्तकाच्या सुरुवातीला एक नकाशा होता, कुठल्याशा हरवलेल्या युगातल्या जगाचा. त्यात उजव्या बाजूला एका देशाचं नाव होतं 'वेंध्या'. दादा बोट ठेवून म्हणाला, "हे बघ. विंध्य! आपलाच पर्वत ढापलाय लेकाने."

आणि खरंच ढापला होता. 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' या 1934च्या कथेत वेंध्याची राजधानी आहे अयोध्या, उत्तरेला हिमेलियन पर्वत, आणि सरहद्दीवरचं शहर पेशखौरी. भावाचा चेटकाने घास घेतला म्हणून सूडाला निघालेली राजकन्या 'देवी' यास्मिना, आणि खिडकीतून उडी मारून तिलाच उचलून नेणारा डोंगरी टोळ्यांचा सरदार कॉनन. बाप रे! आमच्यासाठी तो पिक्चरच होता. घरात अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होते, नारायण धारपांची भुतंही होती. पण हा गडी वेगळाच. हा कुणाच्या बाजूने नव्हता. याला फक्त भूक लागायची, राग यायचा आणि कंटाळा आला की हा निघून जायचा.

निघून जाणं. आम्हा दोघांनाही त्यातलं तेच सगळ्यात आवडायचं.

पुढे काय झालं, ते तुमच्याही घरी झालं असेल. एक भाऊ गेला, एक राहिला. 2015 साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बाबा आधीच गेलेले. दादाच्या खिशात तेव्हा बेंगळुरूच्या नोकरीचं ऑफर लेटर होतं. ते खिशातच राहिलं. तो कुपवाडच्या एमआयडीसीतल्या जुन्या नोकरीतच थांबला. मी मात्र पुढच्याच वर्षी ऑनसाइटला डॅलसला गेलो. "तू जा रे, मी आहे ना!" असं तो म्हणाला, आणि मी लगेच मान्य केलं. जरा जास्तच लगेच. आई 2021 साली गेली. ही गोष्ट त्याआधीची.

मेसकिटच्या माळावर

डॅलसहून पश्चिमेला निघालं की फोर्ट वर्थनंतर शहर संपतं आणि आकाश सुरू होतं. आय-20 हायवे नाकासमोर सरळ. वेदरफर्डजवळ उजवीकडे पीस्टर नावाचं खेडं राहतं. 22 जानेवारी 1906 रोजी रॉबर्ट अर्विन हॉवर्डचा जन्म तिथला. कॉननचा बाप! पुढे सिस्को लागतं. 1919 साली कॉनराड हिल्टनने आयुष्यातलं पहिलं हॉटेल विकत घेतलं ते इथे. इथून डावीकडे वळलं, की 206 नंबरचा दुपदरी रस्ता थेट क्रॉस प्लेन्सला. दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं, बाभळीची चुलतबहीण शोभावी अशी मेसकिटची काटेरी झुडपं, तेल उपसणारे पंप आणि रणरणतं ऊन. आटपाडी-जतचा माळ आठवला. फक्त रस्ता गुळगुळीत.

हॉवर्डचे वडील डॉक्टर. गावोगाव फिरून प्रॅक्टिस करता करता ते 1919 साली इथे स्थिरावले. तेव्हा रॉबर्ट तेरा वर्षांचा होता. थोड्याच वर्षांत या भागात तेल लागलं आणि झोपाळू गावात एकदम झुंबड उडाली. तेलविहिरींवरचे मजूर, जुगारी, दारूचे चोरटे धंदेवाले, मारामाऱ्या करणारे दांडगट. पोरगा कोपऱ्यात उभा राहून सगळं टिपत होता. कॉनन कुठून आला, असं पुढे विचारल्यावर त्याने हेच सांगितलं, की अशा माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांची ती गोळाबेरीज आहे.

आणि त्याचा देश? कॉननचं धुकट, अंधारं, डोंगराळ सिमेरिया त्याला सुचलं ते टेक्सासच्याच फ्रेडरिक्सबर्गजवळच्या टेकड्या हिवाळी पावसाच्या धुक्यात पाहिल्यावर. फेब्रुवारी 1932मध्ये मिशन या सीमेलगतच्या गावी असताना त्याने त्यावर कविता लिहिली. म्हणजे काय, तर परदेश गाठायला माणसाला व्हिसा लागतोच असं नाही.

अर्धा सेंट शब्दाला

आता जरा 'पल्प' म्हणजे काय ते बघू. 1920-30च्या दशकांत अमेरिकेत लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरबरीत कागदावर कथांची ढीगभर मासिकं निघायची. लगदा म्हणजे पल्प, म्हणून ही पल्प मासिकं. कव्हर भडक, आत गुप्तहेर, काउबॉय, बॉक्सर, भुतं. आपल्याकडच्या भाड्याच्या लायब्ररीत अर्नाळकरांना जो मान होता, साधारण तोच. लोक अधाशासारखे वाचायचे आणि चारचौघांत 'छे, आम्ही असलं वाचत नाही' म्हणायचे.

त्यातलंच एक 'वियर्ड टेल्स', 1923 साली सुरू झालेलं. हॉवर्डची पहिली कथा त्यांनी घेतली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पण एका कथेवर पोट भरतं होय? त्याने औषधाच्या दुकानात सोडा फाउंटन सांभाळला, स्टेनोगिरी केली, सर्व्हेवाल्याचा मदतनीस झाला, ब्राउनवुडला जाऊन हिशेबनिशीचा कोर्सही केला. बॉस नावाच्या प्राण्याशी त्याचं कधीच जमलं नाही. शेवटी ठरवलं, लिहायचं. फक्त लिहायचं.

ऑगस्ट 1929मध्ये त्याची 'द शॅडो किंगडम' छापून आली. कल नावाचा रानटी राजा आणि माणसांची रूपं घेऊन दरबारात वावरणारे सर्पमानव. तलवार अधिक चेटूक, अशी रीतसर मिसळ असलेली ही पहिली कथा, असं पुष्कळ जाणकार मानतात. या प्रकाराचं 'स्वोर्ड अँड सॉर्सरी' हे बारसं मात्र 1961 साली फ्रिट्झ लायबर या दुसऱ्या मातब्बर लेखकाने केलं. आणि आपला कॉनन? तो आला डिसेंबर 1932मध्ये. गंमत म्हणजे ती पहिली कथा कल राजाच्या एका न खपलेल्या कथेची दुरुस्त आवृत्ती होती. रिजेक्ट झालेलं प्रेझेंटेशन नाव बदलून, मसाला घालून पुन्हा पाठवायची आयडिया फक्त आपलीच नाही बरं का!

मोबदला? शब्दाला अर्धा सेंट ते एक सेंट. तोही कथा छापून आल्यावर, आणि पुष्कळदा त्याहूनही उशिरा. पेमेंट थकवणारा क्लायंट तेव्हाही होताच.

खिडकी

हायवे 36 गावातून जातो आणि त्यालाच लागून हॉवर्डचं घर आहे. पांढरं, बैठं, लाकडी. पुढे छोटा पोर्च. बाहेर पाटी नसती तर मी सरळ पुढे निघून गेलो असतो. आत शिरलं की आपल्या आजोळी शिरल्यासारखं वाटतं. जुन्या पलंगावर चादर, शेल्फात पुस्तकं, भिंतीवर फोटो.

स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एक आजी आम्हाला घर दाखवत होत्या. "ही रॉबर्टची खोली," त्या म्हणाल्या.

खोली? मी अवाक. मागच्या पोर्चचा एक तुकडा भिंत घालून बंद केलेला. एक खाट, एक टेबल, त्यावर त्या काळातला अंडरवुड टाइपरायटर. संपलं! मिरजेतली आमची कपडे वाळत घालायची गॅलरी याहून मोठी असेल. इथे बसून या माणसाने अ‍ॅक्विलोनियाची सिंहासनं उलथवली, चाच्यांची जहाजं लुटली, हिमालय चढवला. तोसुद्धा मोठमोठ्याने संवाद म्हणत! टाइप करता करता तो वाक्यं ओरडायचा. शेजारी वैतागायचे. गावाच्या मते डॉक्टरांचं पोरगं जरा हललेलंच होतं.

प्रवास म्हणाल तर टेक्सास, शेजारचं न्यू मेक्सिको, न्यू ऑर्लिन्सची वारी, सीमेपलीकडची काही मेक्सिकन गावं. बास. एच. पी. लव्हक्राफ्टसारख्या लेखकाशी त्याने 1930पासून सहा वर्षं लांबलचक पत्रांतून कडाकडा वाद घातले, पण दोघांची भेट कधीच झाली नाही.

आजींनी मग त्या खोलीतल्या आतल्या बाजूच्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती बाहेर उघडत नाही. ती शेजारच्या खोलीत उघडते. आईच्या.

हेस्टर हॉवर्डना क्षय होता. वर्षानुवर्षं. वडील पेशंट बघायला लांब लांब जायचे, घरी रॉबर्ट. स्वयंपाक, औषधं, दवाखान्याच्या खेपा, रात्रीचं जागरण आणि उरलेल्या वेळात कॉनन. मे 1935मध्ये त्याने 'वियर्ड टेल्स'च्या संपादकांना पत्र लिहून थकलेल्या पैशांतले थोडे तरी पाठवा, अशी विनवणी केली. आजारपणाचा खर्च झेपत नव्हता. पुढच्या वर्षी मासिकाकडे त्याचे हजाराहून जास्त डॉलर अडकलेले होते.

11 जून 1936च्या सकाळी त्याला कळलं, की आई आता शुद्धीवर येणार नाही. त्याने तिथेच, घराबाहेर, आपलं आयुष्य संपवलं. वय वर्षं तीस. दुसऱ्या दिवशी आई गेली. दोघांवर एकत्रच अंत्यसंस्कार झाले, ब्राउनवुडला.

ग्रुपमध्ये कुणीच काही बोललं नाही. आजी पण सरावाने पुढच्या खोलीकडे वळल्या नाहीत, जरा थांबल्या. मी त्या खिडकीकडे बघत राहिलो. मिरजेत दादाचा पलंग हॉलमध्ये आहे, आईच्या दाराला खेटून. आईच्या उशाशी देव्हाऱ्यातली छोटी घंटा ठेवलेली असते. डाव्या हाताने वाजवता यावी म्हणून.

वेड्यांची जत्रा

बाहेर मात्र धमाल चालली होती. हे दोन दिवस 'हॉवर्ड डेज'चे. घराशेजारच्या मांडवात गर्दी. ट्रक ड्रायव्हर, निवृत्त शिक्षक, युरोपातून आलेले प्रोग्रॅमर, दंडावर फ्रझेटाचं चित्र गोंदवलेला एक पहिलवान, नातवाला घेऊन आलेले आजोबा. मी एकटाच देशी. कुणीतरी विचारलं, "तुम्ही कुठून?" म्हटलं, "वेंध्या!" दोन सेकंद शांतता, मग जो हशा पिकला! त्यानंतर दिवसभर मला खिशात हात घालू दिला नाही कुणी.

या मंडळींचं वेड कसलं आहे, ते नीट समजून घ्या. 1936नंतर हॉवर्ड जवळजवळ विसरला गेला होता. त्याला कुठल्या विद्यापीठाने वाचवलं नाही, सरकारनेही नाही. वाचवलं वाचकांनी. ग्लेन लॉर्ड नावाच्या टेक्सासच्या एका संग्राहकाने माग काढत काढत 1965 साली त्याच्या हजारो टंकलिखित पानांची ट्रंक मिळवली. 1966पासून फ्रझेटाच्या कव्हरांची पेपरबॅक आली आणि तुफान चालली. 1970मध्ये मार्व्हलचं कॉमिक, 1982मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरचा सिनेमा. पण खरे भक्त तेवढ्यावर खूश नव्हते. त्या पेपरबॅकमध्ये स्प्रेग द कॅम्प आणि लिन कार्टर या संपादक-लेखकांनी हॉवर्डच्या मजकुरात फेरफार केले होते, अर्धवट कथा आपल्या हाताने पुऱ्या केल्या होत्या. 'आमच्या माणसाचे शब्द आम्हाला जसेच्या तसे द्या' म्हणून वाचक वर्षानुवर्षं भांडले. 2003पासून डेल रेच्या आवृत्तीत मूळ बरहुकूम कथा मिळू लागल्या, त्या या चिवटपणामुळे. मांडवात आजही 'द कॅम्प' म्हणा, अर्धा तास भांडण गॅरंटीड!

आणि हे घर? 1986 साली हॉवर्डच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली, म्हणून चाहत्यांची एक टोळी क्रॉस प्लेन्सला आली. गावकरी चक्रावले. त्या हललेल्या पोरासाठी एवढ्या लांबून माणसं? पण मग गावानेही मनावर घेतलं. 'प्रोजेक्ट प्राइड' या गावातल्याच संस्थेने 1989मध्ये घर विकत घेतलं, डागडुजी केली. 1994मध्ये ते राष्ट्रीय वारसा यादीत गेलं. 27 डिसेंबर 2005ला माळावरचा वणवा गावात घुसला, शंभराहून जास्त घरं जळाली, माणसं दगावली. हॉवर्डचं घर वाचलं.

गावातल्या पब्लिक लायब्ररीत त्याची मूळ टंकलिखितं बघायला मिळतात. टाइपरायटरने खाडाखोड केलेल्या ओळी, समासापर्यंत खच्चून भरलेली पानं. कागद वाचवलाय हो माणसाने! काचेवर नाक टेकवून एक जाडजूड बाप्या डोळे पुसत होता. मला हसू आलं नाही.

खटकतं, ते पण बोलू

एक मात्र सांगायलाच हवं. या कथा आज वाचताना ठेच लागते. वंशांबद्दलच्या त्या काळच्या घाणेरड्या कल्पना हॉवर्डमध्ये आहेत. काळी माणसं कशी रंगवलीत ते वाचून काही पानांवर पुस्तक मिटावंसं वाटतं. पूर्वेकडचे लोक म्हणजे कपटी नाहीतर चैनीत लोळणारे. बायका पुष्कळदा किंचाळायलाच ठेवलेल्या. सहावीत हे काहीच कळलं नव्हतं. चौतिसाव्या वर्षी, टेक्सासमध्ये, ब्राऊन कातडीत उभं राहून चांगलंच कळतं.

मी हे मांडवात एका निवृत्त शिक्षिकेला विचारलं. तुम्हाला नाही खटकत? त्या म्हणाल्या, "खटकतं ना. मी वर्गात ती पानंसुद्धा वाचायचे. लपवायचे नाही." मला ते पटलं. ब्राऊन पेपरचं कव्हर घालून पुस्तक बदलत नाही.

आणि त्याच माणसाने ती देवी यास्मिनाही लिहिली आहे. गोष्टीच्या शेवटी कॉनन तिला म्हणतो, फौज घेऊन तुझ्या अयोध्येवर येईन. ती म्हणते, जरूर ये, मी तुझ्याहून मोठं सैन्य घेऊन सामोरी उभी असेन. मग दोघं आपापल्या वाटेने जातात. दादा हा शेवट नेहमी दोनदा वाचायचा.

मग झोपायचा कधी?

शनिवारी ऊन उतरल्यावर काही जण पोर्चवर बसून हॉवर्डच्या कविता वाचत होते. मी हायवेच्या कडेला जाऊन दादाला व्हिडिओ कॉल लावला. मिरजेत रविवारची सकाळ. तो ओट्यापाशी आईसाठी नाचणीची पेज ढवळत होता.

"दादा, ओळख कुठे आहे मी!"

मी फोन फिरवला. पांढरं घर, पोर्च, मांडव. तो पातेलं खाली उतरवून बघतच राहिला. मी सगळं एका दमात सांगत सुटलो. तेलाचे पंप, लायब्ररीतली पानं, वेंध्याचा जोक. तो हसला. मग म्हणाला, "ती खिडकी खरंच आईच्या खोलीत उघडते का रे? वाचलं होतं कुठेतरी."

"हो. बघून आलो आत्ताच."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग अगदी साध्या सुरात त्याने विचारलं, "मग हा झोपायचा कधी?"

इतक्या जणांशी बोललो होतो दोन दिवस. शैली, संपादन, मूळ पाठ. हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही. तेवढ्यात मागून घंटा वाजली. "आलो गं," म्हणत दादाने फोन ठेवला.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. चार वर्षं मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो. ब्लड प्रेशरचं मशीन पाठवलं होतं, एअर मॅट्रेस पाठवली होती. 'तू झोपतोस का रे?' हे मात्र कधी विचारलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटतं, कॉनन म्हणजे निघून जाणाऱ्यांचा हिरो. पण त्याला लिहिलं कुणी? ज्याला निघता येत नव्हतं त्याने. आणि मी, निघून आलेला, त्याच्या घरासमोर फोटो काढत होतो.

त्या दिवाळीला मी सहा आठवडे मिरजेला गेलो. मॅनेजर कुरकुरला, निम्मी रजा बिनपगारी झाली. झाली तर झाली. पहिले चार दिवस दादा मला 'असं नाही, तसं' करत कूस कशी बदलायची, पेज किती पातळ ठेवायची ते शिकवत राहिला. घंटेचा मला पहिल्या रात्री राग आला, दुसऱ्या रात्री रडू आलं, पाचव्या रात्री मी न बोलता उठायला लागलो. मग मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं. "जा कुठेतरी. कुठेही. दहा दिवस तोंड दाखवू नकोस." पाठीला सॅक लावून तो निघाला, तेव्हा कुठे जातोय ते त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला. मांडवगड. विंध्याच्या कड्यावर रूपमतीचा महाल, खाली धुक्यात हरवलेलं नर्मदेचं खोरं. आणि पुढे दादा, हातात कुठूनशी उचललेली काठी तलवारीसारखी धरून.

खाली लिहिलं होतं : 'वेंध्यात पोचलो. चेटक्या एकही भेटला नाही. काल दहा तास झोपलो.'

जाणार असाल तर...

कसं जाल : डॅलसहून गाडीने साधारण तीन तास. आय-20ने सिस्को, तिथून 206 नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहू नका.

केव्हा जाल : 'हॉवर्ड डेज' मुळात जूनमधले, पण अलीकडे काही वर्षी ते एप्रिलमध्येही झाले. तारखा बघूनच तिकीट काढा. एरवी घर बघायचं तर आधी विचारून वेळ ठरवा.

राहाल कुठे : गावात सोय अगदी मोजकी. ब्राउनवुड, सिस्को किंवा ॲबिलीन गाठा. ब्राउनवुडच्या ग्रीनलीफ स्मशानभूमीत हॉवर्ड, त्याची आई आणि वडील यांची एकत्र समाधी आहे. रॉबर्टच्या नावाखाली 'लेखक आणि कवी' एवढंच लिहिलंय.

खाल काय : बार्बेक्यू, आणखी बार्बेक्यू. शाकाहारी असाल तर घरचा चिवडा सोबत असू द्या.

आधी काय वाचाल : 'द टॉवर ऑफ द एलिफंट' (1933) आणि अर्थातच 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' (1934). सिनेमा बघायचा तर 'द होल वाइड वर्ल्ड' (1996). हॉवर्डची मैत्रीण, शिक्षिका नॉव्हलिन प्राइस हिच्या आठवणींवरचा. तलवार एकही नाही, तरी बघा.